एमडीच्या केसचे कागद कसे वाचायचे

मी सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करते. एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अंमली पदार्थ, त्याच्या केसमध्ये पोरगा पकडला गेला की घरचे एकच विचारतात, "मॅडम, जामीन कधी?" मी आधी एफआयआर आणि जप्तीचा पंचनामा मागते.

पंचनाम्यात पहिलं वजन बघा. एमडी २ ग्रॅमच्या आत असेल तर अल्प प्रमाण, शिक्षा जास्तीत जास्त १ वर्ष. ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक: १० ते २० वर्षं, आणि अंमली पदार्थांच्या कायद्याच्या (एनडीपीएस) कलम ३७ मुळे जामीन फार अवघड. "भेसळच जास्त होती" हा मुद्दा वजनासाठी चालत नाही. २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाने सबंध मिश्रणाचं वजन धरायला सांगितलंय. झडतीपूर्वी कलम ५० चा हक्क, म्हणजे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा, सांगितला का, तेही बघा; पण तो अंगझडतीपुरता, सॅकसाठी नाही.

मग गुन्ह्याची तारीख. हे कायदे सतत बदलतात. एमडी स्वतः एनडीपीएसच्या यादीत आलं ते २०१५ मध्ये. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधिमंडळाने अंमली पदार्थांचे गुन्हे मकोकात, म्हणजे संघटित टोळ्यांविरुद्धच्या राज्याच्या कायद्यात, आणणारं विधेयक मंजूर केलं. टीव्हीवरची तारीख धरू नका, दुरुस्ती कधी लागू झाली ते राजपत्रात बघा. संविधानाच्या अनुच्छेद २०(१) नुसार गुन्ह्याच्या दिवशी जी शिक्षा होती, त्याहून जास्त देता येत नाही.

मकोका लावला असेल तर घरचे हमखास म्हणतात, "त्याची तर पहिलीच केस." तेवढ्याने सुटका नाही. मागच्या १० वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं लागतात हे खरं, पण ती टोळीतल्या दुसऱ्याच्या नावावरची असली तरी मोजली जातात. म्हणून पोरगा त्या टोळीशी जोडला कसा, फोनवरून की पैशांच्या व्यवहारातून, यावर वकिलाला खोदून विचारा. उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी आहे का, तेही तपासायला लावा. हा कडक कायदा मोठ्या तस्करांसाठी आहे आणि तो हवाच. पण सोबत फिरणाऱ्या पोराला त्यात ओढलं, तर प्रत्येक कागद तपासलाच पाहिजे.

शेवटचं, अटकेनंतरची पहिली कोठडी मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. व्यावसायिक प्रमाणात आरोपपत्राला १८० दिवस असतात. ते संपले, न्यायालयाने मुदत वाढवली नसेल आणि आरोपपत्र आलं नसेल, तर जामिनाचा अर्ज त्याच दिवशी टाका. आरोपपत्र आधी दाखल झालं की तो हक्क गेला.