बकासुर किती दिवसांनी जेवायचा? राक्षसांच्या देहधर्माची थिअरी बांधण्याची पद्धत

राक्षसावरची फॅन थिअरी, म्हणजे चाहत्यांनी कथेतल्या तपशिलांवरून बांधलेला तर्क, बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरू होते. आधी शिंगं, सुळे, डोळ्यांतला जाळ यांवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि पोट आठवतं ते शेवटी. सुरुवात शिध्यापासून करा. कथेनं राक्षसाला काय आणि किती खायला दिलंय हे हाती आलं, की वजन, उंची, चाल, झोप, मुलूख यांतलं बरंच काही आपोआप सुटत जातं.

उदाहरणाला बकासुर घेऊ, कारण त्याचा शिधा मापासकट दिलेला आहे: एक गाडा भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस. किती दिवसांनी, ते मात्र संहितेत सांगितलेलं नाही. एकचक्रा या त्याच्या ताब्यातल्या गावात एकेका घरावर पाळी येते आणि ती पुष्कळ वर्षांनी येते, एवढंच आहे. म्हणजे गणितात एकच जागा रिकामी आहे, आणि ती भरता येते.

लागतं काय? वही, वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर आणि पक्का पाठ, म्हणजे मूळ संहितेचा खात्रीचा मजकूर. पाठाकडे दुर्लक्ष केलंत तर पुढचं सगळं वाया जातं. कीर्तनातला बक रोज खातो, गोष्टीच्या पुस्तकातला आठवड्याला, मालिकेतला दिग्दर्शकाच्या सोयीनं. महाभारतासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सित (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली) आवृत्ती घ्या आणि आदिपर्व काढा. रामायणाची चिकित्सित आवृत्ती तर आपल्या बडोद्यातच, प्राच्यविद्या मंदिरात तयार झाली. १९६० ते १९७५ या काळात तिचे खंड निघाले. बडोदेकरानं कुंभकर्णावर थिअरी मांडताना यूट्यूबवरचा श्लोक पुरावा म्हणून द्यावा, हे बरं दिसत नाही.

वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात निवेदक स्वतः सांगतो ते, दुसऱ्यात पात्राच्या तोंडून येतं ते, तिसऱ्यात आपला अंदाज. बकाचा शिधा दुसऱ्या रकान्यात जातो, कारण तो कुंतीला सांगतो घाबरलेला ब्राह्मण. घाबरलेला साक्षीदार उंची वाढवून सांगेल, सुळे वाढवून सांगेल. पण गाडा भरायची पाळी ज्याच्यावर आली आहे त्याला गाड्यात काय भरायचं ते नेमकं माहीत असतं, म्हणून या आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. प्रत्येक नोंदीपुढे साक्षीदार कोण आणि त्याला ते माहीत असायचं कारण काय, हे लिहा.

आता हिशेब. बैलगाडीत ५०० किलो शिजलेला भात धरा. शिजलेल्या भातात किलोला साधारण १,३०० किलोकॅलरी, म्हणजे साडेसहा लाख. रेडा ४५० किलोचा धरला आणि त्यातलं निम्मं खाण्याजोगं धरलं, तर दोन रेड्यांचं ४५० किलो मांस. किलोला १,२०० प्रमाणे ५ लाख ४० हजार. माणूस ६० किलोचा, त्यातलं निम्मं, म्हणजे ३६ हजार. एकूण सव्वाबारा लाखांच्या आसपास. पुढे सोयीसाठी १२ लाख घेऊ. माणसाचा वाटा शंभरात तीन निघतो. तो आकडा वहीत चौकट करून ठेवा, शेवटी लागेल.

इथली नेहमीची चूक म्हणजे भात आणि तांदूळ यांची गल्लत. कच्च्या तांदळात किलोला ३,५०० च्या आसपास किलोकॅलरी असतात. शिजताना तो पाणी पितो, म्हणून भाताचा आकडा खाली येतो. गाडा तांदळाचा धरलात तर एकूण जवळजवळ दुप्पट होईल. बकाच्या वाटचं अन्न भीम रानात बसून तिथेच खायला लागतो, म्हणून आपण ते शिजलेलं धरतो आणि हे कारण तिसऱ्या रकान्यात लिहून ठेवतो.

एवढ्या अन्नावर केवढा देह किती दिवस चालेल? यासाठी मॅक्स क्लायबरचा १९३२ सालचा नियम वापरा. प्राणी मोठा होत जातो तसा त्याचा खर्च वाढतो, पण वजनाइतक्या वेगानं नाही. वजन किलोत घ्या, वर्गमूळ काढा, त्या वर्गमुळाचं पुन्हा वर्गमूळ काढा, दोन्ही उत्तरांचा गुणाकार करा आणि त्याला ७० नं गुणा. हा सस्तन प्राण्याचा पडून राहण्याचा दिवसाचा खर्च. हिंडण्या-फिरण्यासाठी तो दुप्पट करा.

पाच टनांच्या बकासाठी: ५,००० चं वर्गमूळ ७०.७, त्याचं पुन्हा वर्गमूळ ८.४१, गुणाकार ५९५. त्याला १४० नं गुणलं की दिवसाला ८३ हजार किलोकॅलरी. बारा लाखांना ८३ हजारांनी भागा: साडेचौदा दिवस.

पण पाच टनच का? इथे दोन बाजूंनी कुंपण घालायचं. खालचं कुंपण जठराचं. लांडगा एका बैठकीत आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं खाऊ शकतो. सिंहाला फार तर चौथा हिस्सा. बकाचं एक जेवण सुमारे एक टनाचं, म्हणजे देह चार टनांहून लहान असून चालणार नाही. वरचं कुंपण पायांचं. दोन पायांवर चालणारे सर्वांत जड ज्ञात प्राणी म्हणजे टायरॅनोसॉरससारखे डायनोसॉर, साधारण आठ टनांचे. चार टनांना ते जेवण १७ दिवस पुरतं, आठ टनांना १० दिवस. तेव्हा बक १० ते १७ दिवसांनी जेवायचा. अमावास्या-पौर्णिमेमधलं अंतर बरोबर या पट्ट्यात बसतं. संहितेत तसं लिहिलेलं नाही, म्हणून तेही तिसऱ्या रकान्यात.

रोज जेवतो म्हणणाऱ्यांनी हेच गणित उलटं करून पाहावं: देह पावणेदोनशे टनांचा निघतो. बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या निळ्या देवमाशाचा सुमारे २२ मीटर लांबीचा सांगाडा आहे. त्याच्या बरगड्यांशेजारी उभे राहा. रोज जेवणारा बक याहूनही अवजड होता, आणि तो पाण्यात तरंगत नव्हता, रानात दोन पायांवर उभा होता. आकड्यांचा असा अंदाज डोळ्यांना यावा म्हणून तरी थिअरी लिहिण्याआधी एकदा तिथे जाऊन यावं.

दुसरा, पूर्णपणे वेगळा ताळा घराघरांच्या पाळीचा. पंधरवड्याला एक घर म्हणजे वर्षाला चोवीस-पंचवीस घरं. अडीचशे घरांच्या गावात पाळी दहा वर्षांनी येईल. ‘पुष्कळ वर्षांनी’ या शब्दांशी हे जुळतं. रोजच्या जेवणाला त्याच दहा वर्षांसाठी साडेतीन हजारांहून जास्त घरं लागतील. जठर आणि गावाची वस्ती यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी दोन्ही वाटा एकाच जागी येतात. थिअरीत वजन येतं ते अशा ठिकाणी. एकाच पुराव्याला तीन वेगवेगळ्या शब्दांत मांडलं म्हणून तीन पुरावे होत नाहीत.

‘तो थंड रक्ताचा होता’ हे उत्तर फार लोकप्रिय आहे. वापरण्याआधी आकडा घालून पाहा. सरपटणाऱ्या प्राण्याचा खर्च त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका. मग आठ टनांच्या बकाला एक गाडा शंभर दिवस पुरेल, वर्षाला जेमतेम तीन-चार घरांवर पाळी येईल, आणि एकचक्रेवरची दहशत सांभाळणं अवघड होईल.

हाडांचा प्रश्न थोडक्यात. आकृती तीच ठेवून उंची चौपट केली, तर वजन चौसष्टपट होतं आणि हाडाचा छेद सोळापट, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार चौपट. गॅलिलिओनं १६३८ मध्येच हे मांडलं होतं. पाच टनांचा माणसाच्या घडणीचा बक सात मीटर उंच होतो. चालताना प्राण्यांच्या हाडांत साधारण दोन ते चारपट राखीव ताकद असते, ती इथे पुरती खर्ची पडते. म्हणून त्याचे पाय हत्तीसारखे सरळ खांब असावेत, आणि त्यानं उडी मारू नये. पडद्यावरच्या १९५४ च्या पन्नास मीटर उंच गॉडझिलाला हाच नियम लावला तर भार माणसाच्या जवळजवळ तीसपट निघतो. तिथे हाड हा पदार्थच बदलावा लागेल.

भीमानं बकाला मारलं ते पाठीत गुडघा देऊन, मान आणि कंबर धरून, दुमडून. सतत जादा भाराखाली असलेल्या उभ्या देहाचा पाठीचा कणा हाच कच्चा दुवा, तेव्हा हे छान जुळतं. पण सात मीटरच्या देहाची मान आणि कंबर एका माणसाच्या दोन हातांत एकदम येणार नाही. हे भोक आहे. ते ‘दैवी शक्ती’ म्हणून बुजवू नका. तसं केलं तर त्याच सबबीनं वरचा सगळा हिशेबही पुसता येतो. भोक भोक म्हणूनच नोंदवा आणि थिअरीसोबत ठेवा. वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी त्यावर काम करतं.

झोपेच्या थिअरीसाठी कुंभकर्ण. सहा महिने झोप, एक दिवस जाग. पहिला विचार अस्वलाच्या शीतनिद्रेचा येतो, आणि काळ जुळतोही. काळी अस्वलं पाच ते सात महिने तशी राहतात. पण शीतनिद्रेत खर्च पाव हिश्शावर येतो आणि श्वास मंद होतो. कुंभकर्णाचा श्वास मात्र उठवायला आलेल्या राक्षसांना मागे ढकलतो. मंद पडलेला देह असा श्वास घेत नाही. मग उलट टोकाचा प्राणी पाहा: अजगर. भरपेट गिळल्यानंतर काही अजगरांचा खर्च चाळीसपटीपर्यंत वाढतो, हृदय दोन-तीन दिवसांत ४० टक्क्यांनी मोठं होतं, आणि बाहेरून मात्र तो नुसता पडलेला दिसतो. कुंभकर्ण झोपत नव्हता, पचवत होता, असं धरलं तर श्वासही जमतो आणि उठल्याबरोबर समोर अन्नाचा डोंगर रचून ठेवण्याचं कारणही. अजगराचं पचन आठवड्या-दोन आठवड्यांत उरकतं, सहा महिने चालत नाही. ही या थिअरीची कमजोर बाजू.

वागणुकीसाठी जिवंत प्राणी पाहण्याला पर्याय नाही, आणि त्या बाबतीत बडोद्याइतकं नशीबवान शहर विरळा. विश्वामित्रीत मगरी भर वस्तीत राहतात. २०१९ आणि २०२४ च्या पुरात त्या रस्त्यांवर आल्या होत्या. पाण्यात राहून माणसाला खोलाकडे ओढणारा गिऱ्हा घडवायचा असेल तर मगर पाहा. थंडीत, ऊन वर आल्यावर, काळा घोड्याजवळच्या पुलावरून, ८ × ४० च्या दुर्बिणीतून. काठावर उतरायचं नाही. स्थिर पाण्यात दिसत नसलेली मगर हीच धोक्याची असते. नोंदवायचं काय: किती वाजता बाहेर आली, जबडा उघडा ठेवून किती वेळ पडली, पाण्यात शिरताना वर काय उरलं. फक्त डोळे आणि नाकपुड्या उरतात.

मग भाकीत करा. मगरीची भूक उष्णतेवर चालते, गारठ्यात ती फारसं खात नाही. तेव्हा मगरीच्या घडणीचा गिऱ्हा उन्हाळ्या-पावसाळ्यात ओढेल, पौषात नाही. घरातल्या आजी-आजोबांना गिऱ्ह्याच्या गोष्टी विचाराल तेव्हा महिना आधी विचारा, आणि आपलं भाकीत सांगण्याआधी विचारा. एकदा सांगितलंत की त्यांच्या आठवणीही तिकडेच झुकतात. गोष्टी पौषातल्या निघाल्या तर मगर सोडून द्यायची आणि गरम रक्ताचा प्राणी शोधायचा.

मगरीकडून आणखी एक घेण्यासारखं: पाणथळीतल्या पक्ष्यांच्या घरटी बांधण्याच्या दिवसांत मगरी तोंडावर काटक्या ठेवून निश्चल राहतात, आणि काटकीसाठी येणारा बगळा धरतात. हे निरीक्षण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. आमिष दाखवणाऱ्या राक्षसाला माणसासारखी बुद्धी द्यायची घाई करू नये, ती यामुळेच. अंडी घालणारा राक्षस असेल तर उबवणीचं तापमानही ठरवा. मगरीत ३१ अंशांपर्यंत माद्या निघतात आणि ३२.५ च्या आसपास नर. गरम वाळवंटात राहणाऱ्या आणि सगळे नरच असलेल्या राक्षसकुळाचं कोडं एवढ्यावर सुटू शकतं.

राहता राहिला गोतावळा. एकटा राक्षस ही जात होऊ शकत नाही. आई-बाप, जोडीदार, पिल्लं आणि त्यांचं अन्न कुठून येतं हे लिहावंच लागतं. बकाच्या बाबतीत संहिता मदत करते. तो मेल्यावर त्याचे आप्त बाहेर येतात आणि भीम त्यांच्याकडून माणसांना मारणार नाही असं कबूल करून घेतो. ते लगेच तयार होतात. घाबरून तयार झाले, असं म्हणता येईल. पण जिवावरची भीतीसुद्धा उपाशी प्राण्याला फार दिवस थोपवत नाही. आता चौकटीतला आकडा काढा. शिध्यात माणसाचा वाटा शंभरात तीन होता. भात आणि रेडे मिळत राहिले, तर माणूस सोडल्यानं त्यांच्या पोटाला काही फरक पडत नव्हता. मग बक तो मागत का होता? एकचक्रेचं शत्रूंपासून रक्षण तोच करायचा, असं तोच ब्राह्मण सांगतो. म्हणजे माणूस हा पोटाचा शिधा नसून मुलखावरच्या हक्काचा वसूल होता, आणि हक्क सांगणारा गेल्यावर तो वसूल करायला मागे कुणाला कारणच उरलं नाही.