गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवताय? या चुका टाळा

टाकीतल्या पाण्याला वास आला की लोक आधी फिल्टर बदलतात. दोष बहुतेक वेळा फिल्टरच्या अलीकडेच असतो. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढायची सोय नसते, किंवा असली तरी फार तोकडी असते.

हिशोब साधा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर 1 मिमी पाऊस पडला की 1 लिटर पाणी. धूळ आणि कबुतरांची विष्ठा धुऊन जायला सुरुवातीचा 1 ते 2 मिमी पाऊस सोडून द्यावा लागतो, म्हणजे 100 चौरस मीटर गच्चीसाठी 100 ते 200 लिटर. प्रत्यक्षात हे पहिलं पाणी अडवायला 110 मिमी पाइपचा मीटरभर तुकडा उभा लावलेला दिसतो. त्यात जेमतेम 9 लिटर मावतं. बाकीची घाण थेट टाकीत जाते. त्याऐवजी 200 लिटरचा ड्रम बसवा. तळाशी 3-4 मिमीचं छिद्र ठेवलं की ड्रम काही तासांत आपोआप रिकामा होतो. हे छिद्र गाळाने हमखास बुजतं, म्हणून तळाला साफसफाईचा व्हॉल्व्हही हवाच. नुसत्या हाताने उघडायच्या व्हॉल्व्हवर विसंबू नका, रात्रीच्या पावसात तो उघडायला कोण जाणार?

फिल्टरमध्ये वर धुतलेली जाड वाळू, खाली 20 मिमी खडी, तळाला 40 मिमी खडी, आणि थरांमध्ये नायलॉनची जाळी. न धुतलेली क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) टाकू नका, तिच्या भुकटीनेच फिल्टर तुंबतो. पाणी वर साचू लागलं की वरची दोन इंच वाळू काढून धुवा.

न गाळलेलं पाणी बोअरमध्ये सोडणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधूनच फिरतं; त्या गाळाने भरल्या की मोकळ्या करणं फार अवघड. शोषखड्डाही काळ्या मातीतच संपवू नका, मुरूम लागेपर्यंत खणा.

वापरायच्या पाण्यात 1000 लिटरला साधारण 4 ग्रॅम ताजी टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर) पुरते. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ टाकीत ओता. पाणी गढूळ असेल तर आधी गाळा, नाहीतर क्लोरीन त्या गढूळपणातच खर्च होतो. अर्ध्या तासाने ओटी चाचणी करा, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघा. पिवळी छटा आली नाही, तर डोस वाढवण्याआधी पावडरची पिशवी किती दिवस उघडी पडली होती ते बघा.