गटकार्यात कोण कोणाशी बोलतंय? मूडलच्या नोंदींतून असं शोधा

ऑनलाइन गटकार्य तपासताना आपण बहुतेकदा कोणी किती पोस्ट टाकल्या एवढंच मोजतो. त्यातून बोलकं कोण ते कळतं. सहकार्य मात्र उत्तरांत दिसतं. मूडल ही ऑनलाइन वर्ग चालवण्याची प्रणाली वापरणाऱ्या शिक्षकांना ते साध्या स्प्रेडशीटवर काढता येईल.

आधी प्रश्न ठरवा. ‘गटात कोणी एकटं पडलंय का?’ इतका नेमका.

मग फोरममधल्या (म्हणजे मूडलच्या चर्चेच्या जागेतल्या) एक्सपोर्टमधून सीएसव्ही फाइल, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये उघडणारा साधा तक्ता, उतरवून घ्या. तिच्यात दर पोस्टची एक ओळ असते. कामाचे रकाने तीन: पोस्टचा आयडी, लिहिणाऱ्याचा युजर आयडी आणि ‘पेरेंट’, म्हणजे ज्या पोस्टला हे उत्तर आहे तिचा आयडी. चर्चा सुरू करणाऱ्या पोस्टसमोर तिथे ० असतो. त्या ओळी जोड्यांत धरू नका. समजा, ११८ क्रमांकाची पोस्ट इरफानची, तिचा पेरेंट ११२, आणि ११२ सायलीची. झाली एक जोडी: इरफानकडून सायलीला. व्हीलुकअप (आयडीवरून त्याच्यासमोरचं नाव शोधून देणारं स्प्रेडशीटचं सूत्र) लावलात की बाकीच्या जोड्याही भराभर लागतात.

आता पिव्होट टेबल, म्हणजे कोणती जोडी किती वेळा आली ते मोजणारा तक्ता, करा. आडव्या ओळींत उत्तर देणारे, उभ्या रकान्यांत उत्तर मिळालेले. पाच जणांच्या गटात अशा २० जोड्या होऊ शकतात. सात-आठच भरल्या असतील आणि त्याही एकाच मुलीच्या नावाभोवती, तर सगळा भार तिच्यावर आहे. त्याहून मला काळजी वाटते ती ज्याच्या नावाचा उभा रकानाच नाही त्याची. तो मुलगा लिहितोय, पण त्याला कोणी उत्तरच देत नाही. नुसत्या पोस्ट मोजल्या तर तो ‘सक्रिय’ ठरतो! (वर्ग मोठा असेल तर गेफी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये याच जोड्यांचं जाळं काढता येतं.)

आकडे पाहून झाले की पोस्ट वाचाच. ‘किमान दोघांना उत्तर द्या’ असा नियम तुम्हीच घातला असेल, तर ‘छान’, ‘सहमत’ यांचा पाऊस पडलेला असतो. तशी उत्तरं वगळून तक्ता पुन्हा करा. शिवाय खरी चर्चा व्हॉट्सअॅपवर झालेली असू शकते, म्हणून गप्प दिसणाऱ्या मुलांशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय काहीही ठरवू नका.

मुलांना हे आधी सांगा, तक्त्यात नावांऐवजी क्रमांक ठेवा आणि यावर गुण देऊ नका. गुण लावले की मुलं आकड्यासाठीच लिहू लागतात. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीबाबत २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अधिक कडक आहे, तेव्हा शाळेची परवानगी घ्या. आणि हा तक्ता प्रकल्पाच्या मध्यावरच काढा, म्हणजे कामाची वाटणी बदलायला वेळ उरतो.