वावर घ्यायचं असेल तर वकील इसाराआधी गाठा

विदर्भात वावराच्या, म्हणजे शेतजमिनीच्या, बहुतेक सौद्यांत वकिलाची आठवण रजिस्ट्रीच्या दोन दिवस आधी होते. तोवर इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, देऊन झालेला असतो, कापसाचे किंवा संत्र्याचे आलेले पैसे त्यात अडकलेले असतात आणि वकिलाच्या हाती फक्त विक्रीपत्र लिहिणं उरतं. खरं काम जुने कागद वाचण्याचं आहे, आणि ते इसाराआधीच व्हायला हवं.

सॉलिसिटर लागतो का?
नाही. सॉलिसिटर हा प्रकार मुंबईकडचा. इथे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद असलेला वकील पुरतो. मात्र त्याचं रोजचं काम दिवाणी आणि महसुली असावं. फौजदारीतला नावाजलेला वकील इथे उपयोगाचा नाही. कायद्याने वकील सक्तीचाही नाही, दस्तलेखकसुद्धा विक्रीपत्र लिहून देतो. पण तो तुम्ही सांगाल ते लिहितो. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे की नाही, हे पाहणं त्याचं काम नाही. आणि विकणाऱ्याचाच वकील 'दोघांचंही पाहतो' म्हणाला, तरी आपला वेगळा धरा.

फी कशी बोलायची?
जुन्या कागदांचा शोध, विक्रीपत्राचा मसुदा आणि फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलल्याची नोंद) होईपर्यंतचा पाठपुरावा, या तीन कामांचे पैसे वेगवेगळे ठरवून कागदावर लिहून घ्या. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यात धरू नका. ती सरकारला जाते. मुद्रांक शुल्क सौद्याची रक्कम आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं.

वकिलाने काय काय तपासायचं?
सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा), सगळे फेरफार, दुय्यम निबंधकाकडचा, म्हणजे नोंदणी कार्यालयातला, 30 वर्षांचा शोध आणि 1954-55 चा अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची जुनी नोंद). नुसता ताजा सातबारा पाहून 'क्लिअर आहे' म्हणणारा वकील बदला.

सातबारा हातात घेऊन वकिलासोबत बसा. 'चार एकर' म्हणून सांगितलेलं वावर तिथे 1.62 हेक्टर आर असं दिसेल. त्यात पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, किती, ते वेगळं विचारा, कारण पैसे तुम्ही त्याचेही मोजता. कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी केलेलं नाव. ते कोणत्या फेरफाराने कमी झालं, तो फेरफार काढून वाचायचा. घोळ बहुतेक वारसाच्या फेरफारातच निघतो: बाप वारल्यावर तीन भावांची नावं चढली आणि दोन बहिणी राहून गेल्या. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. बहिणींची विक्रीपत्रावर सही घ्या, नाहीतर त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा. साध्या कागदावरची 'आमची हरकत नाही' चालत नाही.

मग 'इतर हक्क' हा रकाना. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसला तर कर्ज फेडल्याचा दाखला देऊन बोजा आधी उतरवायचा, 'रजिस्ट्रीनंतर पाहू' हे ऐकायचं नाही. धरणाच्या लाभक्षेत्रात पुनर्वसनासाठी हस्तांतरणबंदीचा शेरा असू शकतो. भोगवटादार वर्ग 2 (विकण्यावर सरकारी अटी असलेली जमीन) लिहिलं असेल, किंवा जमीन भूदानातली असेल, तर परवानगीशिवाय पुढे जाऊच नका. विकणारा आदिवासी आणि घेणारा बिगर-आदिवासी असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. ती नसेल तर विक्री टिकत नाही आणि पैसे अडकतात. पूर्व विदर्भात झुडपी जंगलाची नोंद आहे का, तेही पाहून घ्या. अशी जमीन वनजमीन धरली जाते.

घेणारा शेतकरी नसेल तर विदर्भाचा स्वतंत्र, 1958 चा कुळकायदा आडवा येतो. त्याच्या कलम 89 मुळे बिगर-शेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून घेणाऱ्याने शेतकरी असल्याचा पुरावा, साधारणपणे स्वतःच्या नावचा सातबारा, तयार ठेवावा. आणि वावराचा छोटा तुकडा घेताना तुकडेबंदीत (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकड्याच्या विक्रीवरच्या बंदीत) अडकतो का, हे आधी विचारा.

कागदात न दिसणारं काय?
रस्ता आणि धुरा, म्हणजे वावराचा बांध. वकिलाला एकदा वावरावर न्या. सध्याची वाट दुसऱ्याच्या धुऱ्यावरून जाते की नकाशावरच्या पांदण रस्त्याने, हे तिथेच कळतं. शेजाऱ्याने धुरा सरकवल्याची शंका असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि विक्रीपत्रात चतुःसीमा मोजणीप्रमाणे लिहा.

इसारपत्रात काय लिहायचं?
रजिस्ट्रीची मुदत, बोजा कोण उतरवणार, कागदात दोष निघाला तर इसार किती दिवसांत परत. मुदत उलटून विकणारा टाळू लागला, तर कोर्टात जायला त्या तारखेपासून तीन वर्षं असतात. इसार चेकने किंवा बँकेतूनच द्या. स्थावराच्या सौद्यात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही. 'मुखत्यारपत्रावर करून देतो' म्हणणाऱ्याला थेट नाही म्हणा; मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे.

रजिस्ट्री झाली, आता?
सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला हजर करायचा असतो; सहसा त्याच दिवशी होतो. बाहेर पडताना सूची क्रमांक 2 ची (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत घ्या, गट नंबर आणि क्षेत्र तिथेच ताडून पाहा. पुढे तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार धरतात, नोटीस निघते आणि हरकतीसाठी 15 दिवस असतात. हरकत आली तर मंडळ अधिकाऱ्यासमोर सुनावणी होते. त्या दिवशी वकील हजर हवा. फेरफार मंजूर झाल्यावर 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढा. वकिलाच्या फीचा शेवटचा हप्ता त्यावर तुमचं नाव दिसल्यावर द्या, आणि हे फी बोलतानाच सांगून ठेवा.