बुडालेल्या तासांची वही कशी ठेवावी

हजेरीपटात 'ह' आणि 'गै' याखेरीज काही नसतं. गणित शिकवताना बरीच वर्षं मीही तेवढ्यावरच भागवलं. मग एका उन्हाळ्यात चाचणीचे पेपर तपासताना जाणवलं, की भागाकारात अडखळणारी बहुतेक मुलं एकाच भिंतीलगत बसतात. पश्चिमेची भिंत, वर पत्रा. दुपारनंतर त्या भिंतीला पाठ टेकवत नाही. ही मुलं रोज हजर होती. ती तिथेच का बसायची, तर उशिरा येणाऱ्याला उरलेला बाक मिळतो, आणि उशीर त्यालाच होतो जो पाणी भरून, धाकट्याला सांभाळून येतो. ऊन साऱ्या वर्गावर पडत होतं, पण भिंत यांच्याच वाट्याला आली होती. वर्गशिक्षिका मी, आणि बाक कसे लावायचे हे माझ्याच हातात होतं.

तेव्हापासून मी एक वेगळी वही ठेवते. तुम्हाला ठेवायची असेल तर कशी, ते सांगते.

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये तक्ता करू नका. वीज गेली की नेमका तेव्हाच तो उघडत नाही. सहा रकाने आखा: तारीख, नाव, किती तास बुडाले, कशामुळे, काय बुडालं, कधी भरून निघालं. शेवटचा रकाना सर्वांत रुंद ठेवा. तो रिकामा राहिला की डोळ्यांत खुपला पाहिजे.

'कशामुळे'मध्ये 'आजारी' किंवा 'घरगुती कारण' लिहायचं नाही. ओढ्याला पाणी, घरात पाणी, विहीर आटली म्हणून लांबून पाणी आणायला, रात्रभर उकाड्याने झोप नाही, असं लिहा. विचारताना वर्गासमोर उभं करून विचारू नका. मी सुरुवातीला तसं केलं आणि आठवडाभर सगळ्यांनाच ताप येत होता. 'काय बुडालं'मध्ये पान नंबर नको, कल्पना लिहा. 'पान ४२' याने काही कळत नाही; 'छेद समान करणं' याने कळतं.

आता यातला अवघड भाग: हजर असूनही बुडालेला तास. त्यासाठी भिंतीवरचा साधा तापमापक लागतो. तो मास्तरांच्या टेबलाजवळ टांगू नका, तिथे बहुधा पंखा असतो. सर्वांत वाईट बाकापाशी, बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, ऊन लागणार नाही आणि तापलेल्या भिंतीला चिकटणार नाही असा टांगा. पहिला तास, मधली सुट्टी, शेवटचा तास, असं तीनदा बघा. हवामान खात्याचा आकडा इथे पुरत नाही. तो सावलीत, वारा खेळणाऱ्या पेटीत मोजलेला असतो. पत्र्याखालची खोली त्याहून वेगळी असते, कारण पत्रा स्वतः तापून खाली उष्णता फेकत राहतो. दोन आठवड्यांत तुम्हाला तुमच्या वर्गाचा आकडा सापडेल, ज्याच्या वर गेलं की फळ्यावरचं उतरवून घेतलं जातं पण डोक्यात काही शिरत नाही. माझ्या वर्गात तो ३४ अंश निघाला. तुमचा तुम्ही शोधा. त्यापुढचा प्रत्येक तास त्या बाकांवरच्या मुलांच्या नावावर बुडालेला म्हणून मांडा.

हा माझा विक्षिप्तपणा वाटेल. पण अमेरिकेतल्या सुमारे १ कोटी विद्यार्थ्यांच्या गुणांवरचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. शाळेत एसी नसेल, तर वर्षाचं सरासरी तापमान १ अंश फॅरनहाइटने, म्हणजे अर्ध्या अंश सेल्सिअसहून किंचित जास्त, वाढलं की त्या वर्षीचं शिकणं सुमारे १ टक्क्याने घटतं, असं त्यात दिसलं. एसी असलेल्या शाळांत हा परिणाम जवळजवळ पुसला गेला होता. एसी कोणाच्या शाळेत असतो, ते सांगायला नको. युनिसेफने २०२४ साठी मोजलं तेव्हा ८५ देशांतल्या किमान २४ कोटी २० लाख विद्यार्थ्यांचं शिक्षण टोकाच्या हवामानामुळे खंडित झालं होतं, आणि त्यात सर्वांत मोठं कारण उष्णतेच्या लाटा. त्या मोजणीत बंद पडलेल्या शाळा आणि बदललेली वेळापत्रकं येतात. भिंतीलगतचा बाक येत नाही, तो आपणच मोजायचा.

मोजताना हातासरशी होण्यासारखं करून टाका. बाक दर सोमवारी फिरवा. गणित-भाषा सकाळी, चित्रकला-वाचन दुपारी. छपराला बाहेरून पांढरा चुना किंवा परावर्तक रंग मारता आला तर खोली दोन-चार अंशांनी उतरू शकते. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, त्यांच्यासमोरची कपाटं हलवा. पाणी प्या म्हणून मुलींना सांगण्याआधी स्वच्छतागृह बघून या. ते वापरण्याजोगं नसेल तर त्या मुद्दामच पाणी पीत नाहीत, आणि मग डोकं दुखतं.

भरून काढण्याचं काम मात्र निगुतीनं करावं लागतं. शाळा पुन्हा उघडली की आपण धडा जिथे थांबला तिथून पुढे धावतो. इथेच घोळ होतो. ८ ऑक्टोबर २००५च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानातल्या बाधित भागात शाळा सरासरी १४ आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी मोजलं तर फॉल्ट रेषेजवळची, म्हणजे जमिनीतल्या ज्या भेगेवर भूकंप झाला तिच्याजवळची मुलं लांबच्या मुलांपेक्षा सुमारे दीड इयत्ता मागे होती. भूकंपाचा हवामानबदलाशी संबंध नाही, ठाऊक आहे मला. पण १४ आठवड्यांचं दीड वर्ष कसं झालं ते बघा. मूल मागे राहिलं, वर्ग पुढे गेला, आणि अंतर दरवर्षी वाढलं. ज्या मुलांच्या आया निदान प्राथमिक शाळा शिकलेल्या होत्या, त्यांच्यात मात्र ही दरी दिसली नाही. घरात कोणीतरी बसून शिकवलं असणार, असा मी त्याचा अर्थ लावते.

म्हणून वहीत प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने एक खूण करा: घरी विचारायला कोणी आहे की नाही. ज्याच्या घरी कोणी नाही, त्याचा तास आधी भरायचा. सगळं पुन्हा शिकवू नका. ज्यावाचून पुढचं अडतं तेवढंच निवडा; अपूर्णांक अडला की गुणोत्तर अडतं, ते अडलं की शेकडेवारी. वीस मिनिटं, तीन-चार मुलं, एकच कल्पना. लगेच एक उदाहरण सोडवून घ्या, जमलं तरच शेवटच्या रकान्यात तारीख टाका.

पावसाळ्याआधी प्रत्येक मुलासाठी दोन आठवड्यांचा गृहपाठ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. 'ऑनलाइन पाठवू' यावर विसंबू नका. तीन भावंडांत एक फोन असेल तर तो थोरल्याकडे, नाहीतर कामावर गेलेल्या बापाकडे असतो.

पुस्तक भिजलंच तर पानं ओढून सोडवू नका. चिखल असेल तर पुस्तक मिटलेलं धरूनच स्वच्छ पाण्यात हलकेच धुवा, उभं करून निथळू द्या. मग थोड्या-थोड्या पानांनंतर कोरा कागद घालून पंख्याखाली ठेवा, कागद ओले झाले की बदला. कडक उन्हात टाकलं की पानं वाकडी होतात. दोन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे घाई करा. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा म्हणतात. पण ज्याच्या घरी फ्रीझर आहे त्याचं पुस्तक सहसा भिजत नाही.

महिनाअखेरीला नावानुसार बेरीज करा, शाळेनुसार नको. माझ्या पहिल्या वर्षी वर्गाची सरासरी निघाली ११ तास, अगदीच किरकोळ वाटली. मग नावं बघितली. निम्म्या वर्गाचे दोन-तीन तास होते आणि एका मुलीचे ६४. छपराच्या रंगासाठी किंवा शाळेची वेळ बदलण्यासाठी बैठकीत जाल तेव्हा नाव झाकून हे ६४ दाखवा, सरासरी घरी ठेवा.

वर्ष संपलं की वही पुढच्या वर्गशिक्षकांना द्या, रिकाम्या शेवटच्या रकान्यांवर लाल रेघ मारून. माझ्याकडून गेलेल्या पहिल्या वहीत अशा १९ रेघा होत्या. पुढच्या बाईंनी जूनमध्ये पहिल्या आठवड्यात तीन मुलांना हाक मारली आणि छेद समान करण्यापासून सुरुवात केली.