कुत्रीच्या अंगावर गाठ आहे का, घरीच कसं बघायचं

महिन्यातून एकदा तिला पाठीवर झोपवा, पोट चोळून घेताना ती शांत असते तेव्हाच, आणि पुढच्या पायांपासून मागे मांडीपर्यंत प्रत्येक स्तन दोन बोटांत हलकेच धरून बघत या. साधारण 5 जोड्या असतात, मागच्या दोन जोड्यांत गाठी जास्त होतात म्हणून तिथे घाई करू नका. वाटाण्याएवढं काहीही लागलं तर मोबाईलवर फोटो, तारीख आणि सरळ व्हेटकडे. "वाढतेय का बघू" असं म्हणत थांबू नका प्लीज, कारण स्तनाच्या गाठींपैकी जवळपास निम्म्या कॅन्सरच्या निघतात आणि गाठ लहान असतानाच काढली तर कुत्री वाचायचा चान्स खूप जास्त असतो. व्हेट सुईने पेशी काढून तपासतात, छातीचा एक्स-रे घेतात म्हणजे फुप्फुसात पसरलंय का कळतं.

पहिल्या हीटच्या (पहिल्यांदा माजावर येण्याच्या) आधी नसबंदी केली तर हा कॅन्सर जवळजवळ होतच नाही, पण मोठ्या जातींमध्ये योग्य वय व्हेटला विचारूनच ठरवा.

आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांनो, शेपटीखालून किंवा लिंगातून रक्त टपकतंय, फ्लॉवरसारखी लाल गाठ दिसतेय तर तो बहुतेक टीव्हीटी, म्हणजे मेटिंगमधून पसरणारा कॅन्सर. त्याला मरायला सोडू नका, व्हिनक्रिस्टीन या कॅन्सरवरच्या औषधाची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी काही आठवडे दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात, फक्त कोर्स मधेच तोडायचा नाही.