कृष्णाकाठचे वाडे नि घाट एका दिवसात: आधी मेणवली, मग वाई

बहुतेक पुणेकर वाईत शिरले की थेट ढोल्या गणपती गाठतात, मग जेवण, आणि भर दुपारी मेणवलीच्या तापलेल्या घाटावर अनवाणी उड्या मारतात. क्रम उलटा धरा: मेणवली, धोम, शेवटी वाई.

वाई साधारण ९० किलोमीटर. साडेसहाला कात्रज सोडलं, शिरवळला न्याहारी केली, की नऊच्या सुमारास मेणवली. खंबाटकी ओलांडल्यावर सुरूर फाट्याला वळायचं. आनेवाडीचा टोलनाका समोर आला तर फाटा मागे राहिला. एसटीनं जायचं तर स्वारगेटहून वाईची किंवा वाईमार्गे महाबळेश्वरची गाडी धरा आणि वाईत रिक्षा ठरवा. भाडं थांबण्यासकट, येण्या-जाण्याचं बोला. धोमला परतीची रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका.

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर. १७६८ मध्ये हे गाव नाना फडणवीसांना इनाम मिळालं, त्यानंतरचा हा सहा चौकी वाडा. मालकी खासगी आहे, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा. चित्रीकरण चालू असेल तर वाडा बघायला मिळेलच असं नाही. आत सागवानी खांब आणि भिंतीवरची जुनी चित्रं. चित्रांवर फ्लॅश मारू नका, रंग आधीच उडालेत. चौकटी ठेंगण्या, जिने उभे. वर बघत चाललात तर कपाळाला टेंगूळ ठरलेलं.

वाड्यामागे घाट, तिथं मेणेश्वर आणि विष्णूची देवळं. जवळच्या छोट्या दगडी देवळीत टांगलेली घंटा मात्र निम्मे लोक नुसती वाजवून पुढे जातात. ती १७३९ च्या वसईच्या मोहिमेतली, पोर्तुगीज चर्चची. मोबाइलची बॅटरी लावून अंगावर बघा: बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल. वाडा आणि घाट मिळून दीड तास ठेवा.

धोमच्या महादेवाच्या देवळाला अर्धा-पाऊण तास पुरे. समोर कमळाच्या आकाराच्या कुंडात दगडी कासव आणि त्याच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी असलं तर कासव तरंगल्यासारखं दिसतं. कोरडं असलं तर गंमत निम्मी.

वाईत जेवून ऊन उतरल्यावर गणपती आळीचा घाट. ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. दर्शन घेऊन लगेच फिरू नका, देवळाला वळसा घालून मागची भिंत बघा: माशासारखी निमुळती, पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळही रास्त्यांचंच.

पावसाळ्यात मेणवलीच्या खालच्या पायऱ्या शेवाळानं बुळबुळीत होतात. वर धोम धरण आहे. पाणी सोडल्याची सूचना असेल त्या दिवशी पात्राजवळ जाऊच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. सोबत जाड मोजे घ्या, दगड गार असो की गरम, उपयोगी पडतात.

शक्यतो रविवार टाळा. महाबळेश्वरहून उतरणारी गर्दी संध्याकाळी याच रस्त्यानं पुण्याकडे निघते. रविवारच मोकळा असेल तर चारच्या आत वाई सोडा, नाहीतर खेड-शिवापूरच्या रांगेत रात्र होते.